पौलाचा निवाडा आणि मराठी मंडळी

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचा इतिहास सांगायचा म्हटले की लोक १८९४ सालापासून सुरुवात करतात. मूळचे कॅनडाचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, आधी सांगलीला राहिले, मग मिरजेत आले आणि १८९४ साली त्यांनी रुग्णालय उघडले. पुढची हकिगत या भागात घरोघरी ठाऊक आहे. पण या रुग्णालयाची पाळेमुळे चाळीस वर्षे मागे, अहमदनगरच्या एका वादात आहेत. वाद मिशनऱ्यांचा आपसातला होता आणि बायबल कितीही उलटसुलट चाळले तरी त्याचा निकाल लागत नव्हता.

१८५४च्या अखेरीस अमेरिकन बोर्ड या मिशनमंडळाचे सचिव रुफस अँडरसन नगरला आले. मिशनचा पैसा आणि माणसे कशावर खर्च व्हावीत, हे त्यांना ठरवायचे होते. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. मिशनऱ्याचे काम सुवार्ता सांगण्याचे. तेही लोकांच्या भाषेत, मराठीत. इंग्रजी शाळा काढून कारकून तयार करणे हे काही प्रेषितांचे काम नव्हे. त्यांच्या सांगण्यावरून इंग्रजी शाळा बंद झाल्या. रॉयल गूल्ड वाइल्डर यांना हे मुळीच पटले नाही. ते १८४६ साली नगरला आले होते, तिथल्या शाळांचे काम त्यांनी पाहिले होते आणि १८५२पासून कोल्हापुरात बस्तान बसवून शाळा चालवत होते. शिकवणे हीदेखील सेवाच आहे, असा त्यांचा आग्रह.

दोघेही बायबलचेच अभ्यासक. येशूने शिष्यांना शिकवायला सांगितले आहे, हे वाइल्डर दाखवू शकत होते. पौलाने गावोगाव मंडळ्या उभ्या केल्या, शाळा कुठे काढल्या, असे अँडरसन विचारू शकत होते. पहिल्या शतकातल्या भूमध्य समुद्राकाठच्या पत्रांत एकोणिसाव्या शतकातल्या कोल्हापूरच्या शाळेबद्दल आज्ञा सापडणार तरी कशी?

या वादाचा शेवट कडवट झाला. वाइल्डर अमेरिकेला परत गेले, बोर्डाशी त्यांचे नाते तुटले आणि १८६१ साली स्वतःच्या हिमतीवर, कोणत्याही मंडळाच्या पाठबळाशिवाय, ते कोल्हापूरला परतले. त्याच वर्षी आपली बाजू मांडणारे पुस्तकही त्यांनी छापले. १८७० साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळाने कोल्हापूरचे काम आपल्याकडे घेतले. तिथूनच हे मिशन सांगलीला आणि पुढे मिरजेला पोचले. वाइल्डर मुकाट्याने बोर्डाचे ऐकते, तर वॉनलेस यांना पाठवायला या मुलखात ते मिशनच नसते.

म्हणून अँडरसन चुकले आणि वाइल्डर बरोबर होते, असा निकाल मात्र मी देणार नाही. अँडरसन नगरला असतानाच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. गोऱ्या मिशनऱ्यांवर विसंबून राहिलेली मंडळी कधीच स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, हे अँडरसन यांनी ओळखले होते. आपला कारभार आपण पाहणारी, आपला खर्च आपण भागवणारी, आपला प्रसार आपण करणारी मंडळी त्यांना हवी होती. याचे फळ चाळीस वर्षांनी कसे मिळाले ते पुढे येईलच.

अशा प्रश्नांवर एक जुना निवाडा आहे आणि ख्रिस्ती घरांत तो सर्वांनी ऐकलेला असतो. करिंथ शहरात बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा देवळात नैवेद्य दाखवून आलेले असे. ते ख्रिस्ती माणसाने खावे की नाही? पौलाने यावर हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर दिले नाही. मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा मांस खाण्यात दोष नाही, हे त्याने मान्य केले. पण शेजारी बसलेल्या भावाचे मन त्यामुळे दुखावत असेल, तो विश्वासात अडखळत असेल, तर मी जन्मभर मांसाला शिवणार नाही, असेही तो म्हणाला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात त्याने याला जोड दिली. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला हिणवू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये आणि ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. अमेरिकेतून किंवा इंग्लंडातून आलेल्या मिशनऱ्याला हा नैवेद्याचा प्रश्न पुस्तकातला वाटत असावा. मराठी ख्रिस्ती माणसाच्या दारात मात्र तो दर भाद्रपदात मोदकाचे ताट घेऊन उभा असतो.

वॉनलेस यांनी मिरजेत आपल्या वाट्याचा प्रश्न सोडवला तो कामातून. उपदेशक मोठा की वैद्य, या वादात ते अडकले नाहीत. शस्त्रक्रियेला हात घालण्याआधी ते प्रार्थना करत आणि जात-धर्म न पाहता रुग्ण घेत. १८९७ साली त्यांनी इथल्या तरुणांना वैद्यकीचे शिक्षण देणारा वर्ग काढला. म्हणजे अँडरसनना नको असलेली शाळा मिरजेत दवाखान्याच्या आवारात परत आली, आणि इथली माणसे इथल्या माणसांनी तयार करावीत हा अँडरसन यांचाच हेतू तिने पुरा केला. १९२८ साली वॉनलेस यांना सर हा किताब मिळाला, १९३३ साली ते वारले. सांगली-मिरजेच्या मधली वॉनलेसवाडी त्यांचे नाव आजही चालवते आहे.

पण मिशनऱ्यांचे प्रश्न संस्थांचे होते. पैसा कुठे लावायचा, शाळा की दवाखाना. ज्यांनी मराठी घरातून उठून बाप्तिस्मा घेतला, त्यांचे प्रश्न याहून फार जवळचे होते. काय खायचे, काय नेसायचे, देवाला कोणत्या चालीत आळवायचे, मेल्यावर पुरायचे की जाळायचे? यांतल्या एकाचेही उत्तर नव्या करारात नेमके सापडत नाही. तरी एका बाजूने समाज आणि दुसऱ्या बाजूने मिशन, दोघेही त्यांच्यापुढे तयार उत्तरे घेऊन उभे होते.

पंडिता रमाबाई १८८३ साली वैद्यकी शिकायच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत साधला नाही. वाँटेजच्या भगिनीमंडळात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आई ठरल्या. या दोघींची आणि इतरांची पत्रे पुढे १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापली गेली. मराठी ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्याचा याहून खरा दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही.

भांडणाचे विषय वरवर बघता किरकोळ वाटतात. रमाबाई मांस खात नसत, अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. सिस्टर जेराल्डिनना यात ब्राह्मणी अहंकाराचे उरलेसुरले मूळ दिसे. ख्रिस्ती झाल्यावर हे सोडायला हवे, असे त्यांचे मत. रमाबाईंनी दिलेले उत्तर कडक आहे. माझा गर्व तुम्हाला पुडिंगात आणि दुधा-लोण्यात शोधायचा असेल तर खुशाल शोधा, पण वाडवडिलांचे रिवाज मी जमेल तेवढे पाळणार, अशा आशयाचे. इंग्रज बाई हिंदुस्थानात जाऊन राहिली आणि तिने आपले खाणेपिणे बदलले नाही, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणते का, हा त्यांचा उलटा सवाल.

दुसरा वाद क्रुसाचा. त्यावरची अक्षरे लॅटिन होती. लॅटिन कशाला, असे रमाबाईंनी विचारले. देवाला ती भाषा जास्त कळते असे थोडेच आहे? अक्षरे हवीतच तर संस्कृत किंवा मराठी असावीत. तिसरा वाद तरुण पुरुषांना शिकवण्याचा. बाईने असे वर्ग घेणे बरे दिसणार नाही, असे बिशपांचे मत पडले. रमाबाई चकित झाल्या. माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवले तेव्हा माझ्या वडिलांची हरकत नव्हती, नवऱ्याचीही नव्हती, आणि ही हरकत इंग्रज माणसे घेतात! एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. रमाबाईंनी मांस खाणे पाप आहे असे कधी म्हटले नाही. दुसऱ्याने खाऊ नये असाही हट्ट नव्हता. माझ्या ताटात काय असावे हे मी ठरवीन, एवढेच त्यांचे म्हणणे. रोमकरांस लिहिताना पौल जे म्हणाला तेच रमाबाई वाँटेजच्या भोजनगृहात म्हणत होत्या आणि पौलाचे नाव रोज घेणाऱ्यांना ते ऐकू येत नव्हते. परत आल्यावर मुंबईत १८८९ साली शारदा सदन, मग पुणे, मग केडगावचे मुक्तिसदन, या सगळ्या वाटचालीत पांढरे लुगडे आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. कोणत्याही एका पंथाच्या दावणीलाही त्या बांधल्या गेल्या नाहीत.

मिशनने हाती सत्ता असताना असे प्रश्न हुकूम काढून सोडवले की काय होते, हे गोव्याने पाहिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. येशूची कथा मराठी ओवीत, पुराणाच्या थाटात. त्याच शतकात रॉबर्टो दे नोबिली या जेझुइटाने मदुरेत ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे, शेंडी ठेवू दिली आणि गोव्यात त्यावर रण माजले. १६२३ साली पोपने नोबिलींच्या बाजूने कौल दिला. पण १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढला, त्यात धोतर, चोळी, अंगणातली तुळस, लग्नातली हळद आणि पानसुपारी यांवर बंदी आली. देवाने ज्याबद्दल काही सांगितले नाही त्याबद्दल कोतवालाने सांगितले. विश्वासाची गोष्ट अशी दंडाच्या धाकाने कपड्याला आणि हळदीला चिकटवली की माणूस भिऊन वागतो, विचार करून वागत नाही.

आता पुढे साताऱ्याला जाऊन राहिलेल्या टिळकांची गोष्ट. नारायण वामन टिळक मूळ करजगावचे, १८६१चा जन्म. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो कुणा मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून. चाळीस वर्षांपूर्वी अँडरसन यांनी इथल्या पाळकांचा आग्रह धरला होता, त्याचे फळ ते हे. वाइल्डरच्या हट्टाने मिरज दिली, अँडरसनच्या हट्टाने टिळकांना हवा तो पाळक दिला.

टिळकांच्या घरातली गोष्ट महाराष्ट्राला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे ठाऊक आहे. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नव्हत्या, व्हायच्या नव्हत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक निराळा. टिळकांना स्वतःला जातीचे बंधन उरले नव्हते. पण त्यांनी बायकोच्या चुलीत हात घातला नाही. तिला हवे तसे वेगळे राहण्याची सोय केली आणि थांबले. जातिभेद माणसाने केला, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने उमगले, त्यांनीच सोवळे टाकले आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. तापट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने एवढ्या एका बाबतीत इतका धीर धरला, याचे मला फार मोल वाटते. दुबळ्या भावाच्या विवेकाला जपा, असे पौल सांगतो. लक्ष्मीबाई दुबळ्या मुळीच नव्हत्या, पण त्यांचा विवेक त्यांच्या वेळेने चालत होता आणि टिळकांनी त्या वेळेला मान दिला.

गाण्याचा प्रश्न तर त्यांनी असा सोडवला की आज तो प्रश्न होता हेच आठवत नाही. बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठी गीते रचली होती, ती बहुतेक पाश्चात्त्य चालींवर. सतार-तंबोऱ्यांसाठी साऱ्या देशात नाव असलेले मिरज या मुलखात, आणि इथली मंडळी रविवारी परक्या सुरात देव आळवणार, हे कसे चालावे? नगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी टिळकांच्या आधीच कीर्तन ख्रिस्ती मंडळीत आणले होते. टिळकांनी अभंग, ओवी, पद, कीर्तन सगळेच आणले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने, हे ते उघड सांगत. १९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभले. त्यांच्या हातून अकराच अध्याय झाले, उरलेले लक्ष्मीबाईंनी रचले आणि पूर्ण ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. टाळ-मृदंग देवळातला आहे म्हणून अपवित्र, असे म्हणणारे त्या काळी होते. लाकडाला आणि कातड्याला धर्म नसतो, ज्याच्यासाठी वाजवावे त्याचे ते होते, हे टिळकांनी गाऊन दाखवले.

पण यात एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजातून आलेली होती. ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती माणसाला शाकाहार, सोवळ्याची आठवण देणारी स्वच्छता, संन्याशाची वस्त्रे आपली वाटत, यात नवल नाही. पण ज्यांना पिढ्यान्पिढ्या देवळाबाहेर उभे केले गेले, त्यांनी ख्रिस्ताकडे धाव घेतली ती याच खुणांपासून सुटण्यासाठी. त्यांच्यासाठी मोकळीक म्हणजे रिवाज टाकण्याची मोकळीक. त्यांना संस्कृतीचा अभिमान शिकवायला जाणे म्हणजे मीठ चोळणेच. पौलाच्या निवाड्याची खरी कसोटी इथे लागते. एकाला जे ठेवण्यात स्वातंत्र्य आहे ते दुसऱ्याला सोडण्यात आहे, आणि दोघे एकाच भाकरीभोवती बसणार आहेत. अभंग आणि कीर्तन इथे टिकले, कारण ती कुणा एका जातीची मिरास नव्हती. चोखोबाही अभंगच गात होते. संन्याशाचा वेष मात्र मंडळीत रुजला नाही, आणि मला वाटते त्याचे कारण हेच.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ते साताऱ्याला राहायला आले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सगळे शिष्य एका बंधुमंडळात यावेत, ही कल्पना. जातीबाहेर पडण्याच्या भीतीने, घरच्यांच्या मायेने, किंवा मिशनच्या छापाचा वीट येऊन किती माणसे बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर थबकली आहेत, हे टिळकांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांना हाकलून द्यायचे नाही, एवढा त्यांचा आग्रह.

मिशनमधल्या काही जणांना यात धोका दिसला, आणि मी त्यांना संकुचित म्हणणार नाही. शेंडी, लुगडे, चाल, वाद्य यांविषयी शास्त्र बोलत नाही. बाप्तिस्म्याविषयी बोलते, आणि ठळक बोलते. जिथे शास्त्र गप्प आहे तिथली मोकळीक जिथे ते बोलते तिथवर ताणता येते का? टिळकांना वाटले, प्रेमाने ताणता येते. माझे मत असे की कीर्तनाच्या बाबतीत ते निःसंशय बरोबर होते, दरबाराच्या बाबतीत त्यांचे हृदय बरोबर होते आणि युक्तिवाद अपुरा होता. तो पुरा करायला त्यांना वेळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी दिला गेला. ख्रिस्ती माणसाला पुरायचे, हा युरोपचा रिवाज झाला. पुनरुत्थान करणाऱ्या देवाला राख अडवणार नाही, हे टिळकांनी मरतानाही कृतीने सांगून ठेवले.

त्यांचे चरित्र लिहिणारे इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी पुढे ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी नेसणे, जमिनीवर बसून हाताने जेवणे, शाकाहार. वाँटेजला रमाबाईंना ज्याबद्दल बोल लागले तेच चाळीस वर्षांच्या आत इंग्रज मिशनरी आपखुशीने करू लागले होते.

आज मिरज-सांगलीच्या मंडळ्यांत टिळकांची गीते गायली जातात. पण प्रश्न संपलेले नाहीत. शेजाऱ्याने गणपतीचा प्रसाद आणला तर घ्यावा का? लग्नात हळद लावावी का? मंगळसूत्र, दारातली रांगोळी, दिवाळीचा फराळ? कुणी घरात यातले सगळे ठेवते, कुणी काहीच ठेवत नाही, आणि दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहतात. माझी मंडळीच्या पंचांना आणि पाळकांना एवढी विनंती आहे. यातला एखादा विषय सभेपुढे आला तर ठराव लिहिण्याआधी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय, रमाबाईंची वाँटेजची पत्रे आणि 'स्मृतिचित्रे' हे तिन्ही वाचा. मग ज्या घराबद्दल ठराव करायचा आहे त्या घरच्या माणसांना बोलवा, आणि त्यात घरची बाई असेल याची खात्री करा. त्यांचे पुरते ऐकून झाल्यावरही ठराव हवासा वाटला तर करा.